पहिले पंधरा सेकंद

एकदमरावांनी ठरवलं होतं ते काही फार मोठं नव्हतं. एकच काम दोनदा करायचं नाही, एवढंच. याहून वाईट निश्चय माणसं रोज करतात आणि सुखानं झोपतात. पण निश्चयाचं असं असतं बघा, करताना तो लहान असतो. मग तो आपल्या पाठीमागे वाढत राहतो, आणि एक दिवस वळून बघावं तर आपल्याहून दोन वीत उंच.

एकदमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतल्या टायपिस्टबाईंनी ते ठेवलं आणि इतकं चिकटलं, की पुढे घरचेही पाठीमागे तेच म्हणू लागले. "एकदमच करून टाकू" हे त्यांचं पालुपद होतं. आठवड्याचे कपडे ते एकदमच धूत, म्हणून त्यांचे सगळे शर्ट फिकट गुलाबी होते. (कचेरीत लोकांना वाटे, माणसाला रंगाची आवड आहे.) एकदा आठवड्याची अंडी त्यांनी एकदमच उकडून ठेवली. शेवटच्या दिवशीचं अंडं खायचं धाडस घरात त्यांच्याशिवाय कुणी केलं नाही, आणि मग रजाही एकदमच घ्यावी लागली.

कचेरी पाणीपुरवठ्याची, आणि एकदमराव तिथल्या तक्रार विभागात कारकून. नळाला पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, शेजाऱ्याकडे आलं आणि आमच्याकडे नाही, असं सांगायला लोक फोन करायचे. फोन उचलायच्या आधी एक वाजंत्री वाजे आणि एक गोड आवाज सांगे, की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे सगळं मिळून पंधरा सेकंद. मग तक्रार. तेवढं सगळं मशीन टिपून ठेवायचं आणि प्रत्येक तक्रारीची एक फाइल व्हायची. मोठे साहेब त्या फाइली ऐकायचे. ऐकायचे म्हणजे काय, त्यांना ऐकाव्या लागायच्या. आणि दर फाइलीच्या सुरुवातीला तीच वाजंत्री ऐकून ऐकून ते असे विटले, की एक दिवस एकदमरावांना बोलावून म्हणाले, हे पहिले पंधरा सेकंद कापून देत जा.

एकदमरावांनी पहिल्या दिवशी हातानं कापले. फाइल उघडायची, वाजंत्री कापायची, नवा नंबर द्यायचा, बंद करायची. संध्याकाळपर्यंत ती वाजंत्री त्यांच्या डोक्यात इतकी बसली, की घरी बायकोनं हाक मारली तेव्हा पंधरा सेकंद थांबून मग ते "काय गं" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तो निश्चय केला, आणि त्यापायी एक स्क्रिप्ट लिहायचं ठरवलं.

आता स्क्रिप्ट म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. कामाला नवा माणूस ठेवला आणि त्याला चिठ्ठी लिहून दिली, की बाबा, त्या खोलीत जा, तिथल्या दर पेटीचं वरचं झाकण काढ, पेटीवर नंबर घाल आणि जुनं झाकण फेकून दे, तर तो करील की नाही? तशीच संगणकाला लिहून दिलेली ही चिठ्ठी. फरक इतकाच, की नवा माणूस एखाद्या पेटीपाशी थांबेल, डोकं खाजवील आणि विचारील, की मालक, या पेटीला तर झाकणच नाही, काय करू? संगणक विचारत नाही. तो आज्ञाधारक असतो, आणि आज्ञाधारकपणासारखं भयंकर दुसरं काही नाही.

एकदमराव जुन्या पुस्तकांत बघून, इकडे तिकडे विचारून, चुकत माकत ती चिठ्ठी लिहायला शिकले. दर ध्वनीच्या फाइलीचे पहिले पंधरा सेकंद काप. उरलेल्याला नंबर घाल. जुनी फाइल पुसून टाक, कारण मशीन सारखं भरायचं. आणि काही लोक वाजंत्री चालू असतानाच कंटाळून फोन ठेवून देत. त्यांचं कापल्यावर मागे काहीच उरत नसे. तर ज्यात काही उरत नाही तीही पुसून टाक. एवढं लिहून त्यांनी बोटानं एक कळ दाबली, आणि दिवसाचं काम चहा निवायच्या आत झालं.

त्या क्षणी एकदमरावांना काय वाटलं, ते ज्यांनी कधी असं काही केलंय त्यांनाच कळेल. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. इतर विभागांतून लोक ती चिठ्ठी मागायला आले. एकदमराव प्रत्येकाला एकच सांगत, की यातली खुबी अशी, की एकदा लिहायची आणि जन्मभर वापरायची. कुठंही लावा, चालते. टायपिस्टबाईंनी विचारलं, कुठंही म्हणजे कुठंही? ते म्हणाले, कुठंही. बाई पुन्हा टाइप करू लागल्या. अशी माणसं गप्प होतात तेव्हा शहाण्यानं घाबरावं.

आता घरातलं. एकदमरावांची बायको मोटार चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या पायाशी ब्रेक होता तसा तिच्याही पायाशी एक होता. वर्षानुवर्षं शेजारी बसून लोकांचे अपघात होता होता थांबवल्यामुळे तिच्या उजव्या पायाला सवय लागली होती. समोर काही वेडंवाकडं होताना दिसलं, की पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. घरातही. एकदमराव स्टुलावर चढून दिवा बदलू लागले, की स्वयंपाकघरात तिचा पाय फरशीवर. "अहो, असू द्या" असं ती तोंडानं फार कमी वेळा म्हणे. पायानं दिवसातून अनेकदा. (एकदमरावांना ते कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, तिच्या पायाला मुंग्या येतात.)

तिची आई, म्हणजे एकदमरावांच्या सासूबाई, मागच्या वर्षी गेल्या. बाई तारखात्यात होत्या. लोकांच्या तारा शब्द मोजून पाठवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि बोलण्यालाही तेच वळण लागलं. तारा बंद पडल्या, फोन आले, फोनवर आवाज पाठवायची सोय आली. बाईंनी शब्द काही वाढवले नाहीत. लेकीला त्यांचे निरोप यायचे ते असे: "पोचले." "गुडघा बरा." "जेवून घे. वाट बघू नकोस." आणि रोज सकाळी, लेक गाडी काढायच्या वेळेला, एकच: "सावकाश चालव."

आई गेल्यावर ते सगळे निरोप तिच्या फोनमध्ये राहिले होते. रोज सकाळी पहिल्या शिकाऊ माणसाकडे जायच्या आधी ती गाडीत बसून एक लावायची. "सावकाश चालव." मग चावी फिरवायची. हे एकदमरावांना माहीत होतं. त्यांनी कधी त्यावर काही म्हटलं नाही, आणि ते त्यांनी चांगलंच केलं, कारण त्या घरात त्यांनी चांगलं केलेलं तेवढंच होतं.

फक्त एका विषयावर सासूबाईंची शब्दांची काटकसर संपायची. जावई. एकदमरावांनी त्यांच्या दाराची कडी दुरुस्त केली, तेव्हापासून त्या मागच्या दारानं जा-ये करायच्या. घड्याळ दुरुस्त केलं, ते मग फक्त जेवणाच्या वेळी चालायचं, तेही शेजाऱ्यांच्या जेवणाच्या. अशा प्रसंगी त्या लेकीला जो निरोप पाठवत, त्यात शब्दांचं मोल त्या साफ विसरून जात.

तर झालं असं, की बायकोचा फोन म्हातारा झाला. मधेच बंद पडे, मधेच तापे. तिनं नवा आणला. आणि ती दुकानात जाणार होती, की तिथला माणूस आईचे निरोप जुन्यातून नव्यात घालून देईल. एकदमरावांना हे लागलं. घरात स्क्रिप्ट लिहिणारा माणूस बसलेला असताना बायकोनं दुकानदाराकडे जावं? कचेरी काय म्हणेल? (कचेरीला यातलं काही कळण्याची सोय नव्हती, पण अभिमानाला सोय लागत नाही.)

तिनं फोन लगेच दिला नाही. मग म्हणाली, "अहो, फक्त या फोनमधून त्या फोनमध्ये टाकायचं. बाकी काही करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"फक्त टाकायचं."

तिनं फोन त्यांच्या हातात दिला. तेव्हा तिचा पाय फरशीवर होता.

एकदमरावांचा हेतू वाईट नव्हता, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे, कारण पुढं ते सांगायला जागा मिळणार नाही. त्यांनी फोन तारेनं लॅपटॉपला जोडला आणि आत बघितलं. निरोपच निरोप. एकालाही धड नाव नाही, नुसते आकडे, आगापिछा नाही. त्यांच्या मनात आलं, हे असं विस्कटलेलं नव्या घरात न्यायचं? आधी नीट लावू, मग एकदमच हलवू. रविवारी मेव्हणा येणार होता, त्याच्या आईचा वाढदिवस असायचा त्या दिवशी. बहीण-भाऊ बसून आईचा आवाज ऐकणार. तेव्हा ओळीनं नंबर घातलेले निरोप बघून बायको काय म्हणेल, याचं चित्र त्यांना दिसू लागलं. माणसाला बायको खूश झालेली दिसू लागली, की पुढचं काही दिसत नाही.

स्क्रिप्ट तयारच होती. घरच्या फोटोंवर त्यांनी ती आधी लावली होती, आणि फोटो कसे छान ओळीनं उभे राहिले होते. फोटोला आवाज नसतो, म्हणून कापण्याची ओळ तिथं गुपचूप बसून राहिली. नंबर घालण्याची ओळ तेवढी चालली. आणि महिनोन् महिने घरी फोटोंना नंबर घालता घालता आणि कचेरीत डोळे झाकून कळ दाबता दाबता एकदमराव विसरून गेले, की या चिठ्ठीच्या अगदी वरच्या ओळीत एक कात्री लिहिलेली आहे.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी कळ दाबली. (रविवारी बायको गाडी काढत नसे, म्हणून तोवर फोन त्यांच्याकडेच.) झालं. चहा अजून निवायचा होता. किती निरोप उरले ते त्यांनी बघितलं, नऊ. जरा कमी वाटले. पण स्क्रिप्टनं कचरा काढला असणार, अशी त्यांनी समजूत घातली, आणि एकही न ऐकता लॅपटॉप मिटला. ऐकायचं ते रविवारीच, सगळ्यांबरोबर. एकदमच.

रविवारी दुपारी मेव्हणा आला. शांत माणूस, चष्म्याच्या दुकानात काम करणारा, समोरच्याला नीट दिसतंय ना याची काळजी घेऊन बोलणारा. जेवणं झाली. बायकोनं पडदे थोडे ओढून घेतले, उगाच, आवाजाला अंधार लागतो असं नाही. एकदमरावांनी लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडला, फोनला तार लावली आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले, जसे कचेरीत मोठ्या साहेबांसमोर राहत.

बायको म्हणाली, "आधी ते लावा. सावकाशचं."

एकदमराव म्हणाले, आपण पहिल्यापासून ओळीनं जाऊ, म्हणजे तेही येईलच. आणि त्यांनी एक नंबर लावला.

सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला. अगदी तोच, घशात थोडी वाळू असलेला. "...आणि वर मलाच सांगतोय, की कडी आता आयुष्यभर निघणार नाही. खरंच निघत नाही. मी आत, दूधवाला बाहेर."

मेव्हणा हसला. बायकोही हसली, डोळे पुसत. एकदमरावही हसले, अशा वेळी हसण्यात मोठेपणा दिसतो. दोन नंबर लावला. "...पाव घड्याळ, अर्धं घड्याळ असं काही असतं का गं? तुझ्या नवऱ्यानं केलंय." मेव्हणा आणखी हसला. तीन नंबर. चार. प्रत्येक निरोप मधूनच सुरू होत होता आणि प्रत्येकात एकदमराव काहीतरी दुरुस्त करत होते. सहाव्याला मेव्हण्याचं हसू थांबलं. बायकोचं त्याच्याही आधी थांबलं होतं.

"लहान कुठंयत?" तिनं विचारलं.

एकदमराव म्हणाले, असतील पुढं. पुढं अजून न लावलेले सात, आठ, नऊ होते, आणि दहा नव्हता.

"भाऊजी," मेव्हणा फार हळू म्हणाला, "हे सगळे मधूनच का सुरू होतायत?"

आणि तेव्हा, बघा, एकदमरावांना ती वरची ओळ आठवली. आठवली म्हणजे कशी, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तशी. ज्या निरोपात पंधरा सेकंदांहून जास्त बोलणं होतं तेवढेच उरले होते. आणि सासूबाई पंधरा सेकंदांहून जास्त बोलत त्या एकाच विषयावर. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथं किडे तेवढे शाबूत राहिले आणि गहू गेला.

बायकोचा पाय फरशीवर होता. इतका दाबलेला, की पायाची बोटं पांढरी पडली होती.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण कचेरीत मशीन अडलं, की एकदमराव एकच करायचे: पुन्हा एकदा चालवून बघायचे, आणि पुष्कळदा ते नीटही व्हायचं. त्यांच्या कपाळावर घाम होता, मेव्हणा बघत होता, बायको बघत होती, आणि काहीतरी करणं भाग होतं. "एक मिनिट," ते म्हणाले, "पुन्हा चालवतो, येतील."

"अहो," बायको म्हणाली. "नको."

पण बोट पोचलं होतं. स्क्रिप्टनं उरलेल्या नऊ निरोपांचे पुन्हा पहिले पंधरा सेकंद कापले. ज्यात काही उरलं नाही ते पुसले. उरलेल्यांना नवे नंबर घातले. सहा.

 मेव्हण्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग उठून पडदे उघडले. एकदमराव बायकोच्या पायाकडे बघत होते. आता तो फरशीवर दाबलेला नव्हता. नुसता पडलेला होता, गाडी थांबल्यावर असतो तसा.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन दुकानात गेले, त्याच दुकानात. तो माणूस तरुण नव्हता आणि उद्धटही नव्हता, हीच पंचाईत; उद्धट असता तर भांडता आलं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंच्या फोनचं विचारलं; तो मेव्हण्यानं कधीच पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. मग तो म्हणाला, पुसलेलं लगेच जात नसतं साहेब, काही दिवस तिथंच खाली पडून असतं. पहिल्यांदा झालं तेव्हाच फोन बंद करून आणला असता तर पुष्कळ काही निघालं असतं. तुम्ही त्याच जागेवर परत चालवलंत. त्यानं पैसेही घेतले नाहीत. एकदमरावांना ते फार लागलं. काम होत नाही तेव्हा निदान पैसे तरी घ्यावेत.

घरी बायको रागावली असती, भांडी आपटली असती, तर बरं झालं असतं. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं उरलेले सहा निरोप नव्या फोनमध्ये घातले, स्वतः, एकेक, दर वेळी आधी ऐकून, मग घालून, मग पुन्हा ऐकून. एकदमराव दारात उभे होते. मदत करू का, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढी अक्कल त्यांना त्या आठवड्यात आली होती.

पण सगळी आली नव्हती. भरपाई करावी असं त्यांच्या मनानं घेतलं. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी तिचा फोन घेतला, मोरीचं दार लावून घेतलं, आवाज जरा बारीक केला, घशात थोडी वाळू आणली आणि बोलले, "सावकाश चालव." ऐकून बघितलं. त्यांना स्वतःला ते बरं वाटलं. (मोरीत सगळ्यांचाच आवाज बरा लागतो.) संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं, की फोनमध्ये एक ठेवलंय, बघ. तिनं ते लावलं. शेवटपर्यंत ऐकलं, शेवट काही लांब नव्हता. मग एका बोटानं पुसून टाकलं. एकच फाइल होती, स्क्रिप्टची गरज लागली नाही.

कचेरीत त्यांनी आता एक नवाच उद्योग सुरू केला. कापण्याआधी फाइली ऐकू लागले. आणि त्यांना असं कळलं, की वाजंत्री वाजत असताना फोन करणारा गप्प नसतो. घरातल्या कुणाला तरी सांगत असतो, की हे लोक उचलणार नाहीत. उचलला तरी येणार नाहीत. कचेरीत सगळी गाढवं भरलीत. मग वाजंत्री थांबे आणि तोच माणूस "नमस्कार साहेब, एक विनंती होती" असं म्हणे. म्हणजे खरी तक्रार त्या पंधरा सेकंदांतच असे. एकदमरावांनी हे जाऊन मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी एक फाइल ऐकली, दुसरी ऐकली, आणि म्हणाले, मग तर कापाच. पंधराचे वीस करा. शिवाय तुमची ती चिठ्ठी सगळ्या शाखांना पाठवायचं वरून ठरलंय. खाली तुमचं नाव घालतोय. खूश?

टायपिस्टबाईंनीच ते पत्रक टाइप केलं. "कुठंही लावा, चालते" हे शब्द त्यांनी ठळक अक्षरांत घातले होते. त्यांना घरचं काही माहीत नव्हतं. असतं तर घातले नसते, इतक्या त्या वाईट नव्हत्या.

एकदमरावांना मोटार चालवता येत नव्हती. रोज सकाळी बायको त्यांना कचेरीच्या कोपऱ्यावर सोडून मग पहिल्या शिकाऊ माणसाकडे जाई. तो क्रम तिनं मोडला नाही. फक्त आता गाडी काढायच्या वेळी ती लावायची ते सहांतलं एक. दुसरं काही नव्हतंच. चावी फिरवायच्या आधी सासूबाई गाडीभर बोलायच्या, आणि एकदमराव मांडीवर डबा घेऊन शेजारी बसून ऐकायचे, की आपण माणूस म्हणून कसे आहोत. कडी. घड्याळ. गळका नळ, जो त्यांनी दुरुस्त केल्यावर पाणीपुरवठ्याकडे तक्रार करावी लागली. (ती फाइलही त्यांनीच कापली असणार.)

त्या सहांत एक निरोप मात्र, रविवारी लावायचा राहून गेलेल्यांतला, असा होता, जो थेट "पण" या शब्दावर सुरू व्हायचा. "पण त्याच्या हाती माझी एकही वस्तू देऊ नकोस. मी असताना नको, आणि नसताना तर नकोच." एकदमराव त्या "पण"वर अडकले. माणूस "पण" कधी म्हणतो? आधी काहीतरी बरं म्हटल्यावर. म्हणजे त्या "पण"च्या आधी, कापल्या गेलेल्या भागात, सासूबाई त्यांच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलल्या होत्या. आयुष्यात एकदा. आणि ते जगात आता फक्त एका माणसाला ठाऊक होतं, कारण बायकोला आईचे सगळे निरोप तोंडपाठ होते, हेही त्यांना माहीत होतं.

विचारायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. एक दिवस कचेरीच्या कोपऱ्याच्या अलीकडे गाडी अडली, पुढं कुणी तरी ट्रक आडवा घातला होता. एकदमराव समोर बघत म्हणाले, "त्या पण-च्या आधी काय होतं गं?"

 ट्रकवाला मागं घेत होता, आणि ती त्याच्याकडे जाणत्या नजरेनं बघत होती.

"काहीतरी चांगलं होतं ना?"

"होतं."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दलच."

एकदमराव सीटवर सरळ झाले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा डबा मांडीवर नीट बसला. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या होत्या?

तिनं गाडी बंद केली. फोन हातात घेतला, तो निरोप काढला आणि बोट त्याच्यावर धरून ठेवलं. मग समोरच्या काचेकडे बघत, आईच्या चालीवर, शब्द मोजत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा एक गुण मला मान्य आहे. हातात घेतलेलं काम तो कधी अर्धवट सोडत नाही."

आणि तिनं बोट दाबलं.

"पण," सासूबाई म्हणाल्या.